एकशे चौदा नावं

न्चिमुन्याला राग लवकर येत नसे. पण एकदा आला की तो पाहुण्यासारखा मुक्काम ठोकूनच बसे. त्या सोमवारी चोमा गावच्या इस्पितळात बैठकीच्या खोलीत ती बसली, तेव्हा या मुक्कामाचा पाचवा दिवस होता.

समोर टेबलावर टाइप केलेला कागद होता. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' अशी त्याची सुरुवात, आणि खाली तिच्या सहीसाठी ओढलेली रेघ. कागद बनवला होता प्रशासक बा हाचिलेका यांनी; 'बा' हे आदराचं संबोधन. सही झाली की तो राजधानीतल्या मुख्य कचेरीत, लुसाकाला जाणार आणि न्चिमुन्याची नऊ वर्षांची नोकरी संपणार, एवढं खोलीतल्या, मेट्रन धरून, अकराही सिस्टरांना ठाऊक होतं.

नऊ वर्षांपूर्वी ती इथे आली तेव्हा इस्पितळातला प्रत्येक कॉम्प्युटर आपापल्या घरचा राजा होता. एकाचा पासवर्ड ड्रॉवरमध्ये, दुसऱ्याचा भिंतीवर, तिसऱ्याचा मेलेल्या माणसाच्या डोक्यात. तिने एक सर्व्हर मांडला आणि त्यावर सगळ्यांची एकच यादी केली. कोण कुठल्या वॉर्डची, कुणी काय उघडायचं, कुणी काय नाही, सगळं त्या एका जागी. सिस्टर कुठल्याही मशीनपुढे बसो, ती मशीन आधी या यादीला विचारणार आणि मगच दार उघडणार. आपला पासवर्ड सख्ख्या बहिणीलाही सांगू नका, हे तिने इतक्यांदा सांगितलं होतं की सिस्टरा तिची नक्कल करायच्या. "सर्व्हर सगळं लिहून ठेवतो. नोंद खोटं बोलत नाही!" असं म्हणत त्या बोट नाचवायच्या.

यादीची सगळ्यात मोठी किल्ली, म्हणजे त्यात काहीही बदलू शकणारा पासवर्ड, तिच्याकडे होती. तिला काही झालं तर म्हणून ती किल्ली पाकिटात घालून, लाखेनं बंद करून, प्रशासकाच्या तिजोरीत ठेवायची रीत आहे. त्यासाठी तिने 'आणीबाणी' नावाचं वेगळं खातं उघडलं होतं. बा हाचिलेकांनी ते पाकीट परत पाठवलं.

"आणीबाणी हा कोण कर्मचारी? कुठल्या खात्यात आहे?" ते म्हणाले होते. "मला माणसाचं नाव हवं. उद्या लुसाकाने विचारलं तर कुणाकडे बोट दाखवू?"

तिने बराच वाद घातला आणि शेवटी कंटाळून स्वतःचं नाव आणि पासवर्ड लिहून दिला. चूक तिची एवढीच. आणि ती आठवली की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटे.

पुढचं सगळं फुटबॉलमुळे झालं. इस्पितळाच्या कॉम्प्युटरवर सामने दिसू नयेत असा नियम यादीत घातलेला होता. एकाने जरी सामना लावला की प्रयोगशाळेचे रिपोर्ट गोगलगायीच्या चालीने चालत. बा हाचिलेकांना आपल्यापुरता तो नियम काढून हवा होता. तिने तीनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ते हसले आणि म्हणाले, "बरं बाई, तुझं राज्य." तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं.

गुरुवारी बा हाचिलेकांच्या मेव्हण्याची, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याची मयत होती. त्यांच्या बाटोका गावातल्या घरी अर्धं इस्पितळ गेलं. पुरुष शेकोटीभोवती बसले, बायकांनी कमरेला चितेंगे, म्हणजे गुंडाळायची रंगीत कापडं, आवळून भल्यामोठ्या पातेल्यांत मक्याच्या पिठाचा घट्ट नशिमा घोटायला घेतला. न्चिमुन्या सकाळी आठपासून चुलीपाशी होती. तिच्या पातेल्याची दुसरी बाजू धरली होती बीना मूनोने. मूनोची आई, म्हणून बीना मूनो. इस्पितळाची मेट्रन, तीस वर्षं नोकरीतली. बा हाचिलेका स्वतः चुलीपाशी आले, घामाने निथळणाऱ्या न्चिमुन्याला म्हणाले, "मुली, हे उपकार आमचं घर विसरणार नाही." सगळ्या बायकांनी ते ऐकलं. सव्वाअकरा झाले असतील.

तेव्हाच इकडे इस्पितळात, बा हाचिलेकांच्या बंद खोलीत, त्यांच्याच खुर्चीवर ल्वेंडो बसला होता. त्यांच्या बायकोचा भाऊ, बाजारात मोबाइल दुरुस्त करणारा. फुटबॉलचा नियम काढायला बा हाचिलेकांनी तिजोरीतलं पाकीट आदल्या दिवशीच त्याच्या हातात दिलं होतं. त्याला फुटबॉलचा नियम सापडला. तो यादीतल्या 'वॉर्ड' नावाच्या कप्प्याला जोडलेला होता. कप्पाच उडवला की नियम उडेल, असं त्या शहाण्याला वाटलं. कप्पा चुकून उडू नये म्हणून न्चिमुन्याने कुलूप घातलं होतं, ते त्याने शोधून काढलं. खरंच उडवू का, असं मशीनने दोनदा विचारलं आणि याने दोनदा 'हो' म्हटलं. कप्प्याबरोबर त्यातली एकशे चौदा माणसं गेली. त्या क्षणी इस्पितळाच्या लेखी एकही सिस्टर जिवंत राहिली नाही.

न्चिमुन्याचा फोन वाजला तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते. मुलांच्या वॉर्डातली सिस्टर रडत होती. "मशीन म्हणते या नावाचं कुणी नाहीच! पोराला रक्त चढवायचंय, त्याचा गट आत अडकलाय!"

ती तशीच मिनीबसमध्ये चढली. सर्व्हरपुढे बसून खोडलेली नावं तिने परत काढली. खोडलेलं काही महिने बाजूला जपून ठेवायची सोय तिनेच करून ठेवली होती म्हणून. आधी कप्पा, मग माणसं. पाऊण तासात एकशे चौदा जणी जागेवर आल्या. पोराला रक्त मिळालं. मग तिने नोंद उघडली. अकरा वाजून अठरा मिनिटं, खोडणारी व्यक्ती न्चिमुन्या हामवींबा, कॉम्प्युटर प्रशासकांच्या खोलीतला. पाकिटाचं काय झालं हे तिला कुणी सांगायची गरज उरली नाही.

शुक्रवारी ती नोंद घेऊन ती बा हाचिलेकांच्या दारात उभी राहिली.

"पाकीट कुठाय?" तिने विचारलं.

त्यांनी चष्मा पुसला. "तिजोरीत. नाव कुणाचं आहे नोंदीत?"

"माझं. पण खोली तुमची. आणि मी तुमच्या घरी चुलीपुढे होते, तुम्हीच पाहिलंत!"

"मयतीच्या दिवशी कोण कुणाकडे बघतं?" ते शांतपणे म्हणाले. "ल्वेंडो पोरगेला आहे, त्याला का अडकवायचं? आणि नोंद खोटं बोलत नाही, हे नऊ वर्षं तूच शिकवलंस ना आम्हाला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन दिवस ती आग तिथेच होती.

आता सोमवारी बा हाचिलेकांनी कागद पुढे सरकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माणसाकडून चुका होतात. सही कर, मी लुसाकाला चार चांगले शब्द सांगेन."

"बीना मूनो," न्चिमुन्या मेट्रनकडे वळली, "गुरुवारी सव्वाअकरा वाजता मी कुठे होते?"

बीना मूनो टेबलाच्या लाकडाकडे बघत राहिली. पुढच्या महिन्यात तिची पेन्शनची फाइल याच माणसाच्या टेबलावर यायची होती.

"सिस्टर, तुम्ही सांगा. तुम्ही पाणी ओतत होता. तुम्ही? तुम्ही तर माझं चितेंगे बांधून दिलंत."

कुणी खोकलं, कुणी घड्याळ पाहिलं. अकरा तोंडं, आणि सगळ्यांत जणू पाणी भरलेलं. न्चिमुन्याला बा हाचिलेकांचा राग होताच, पण तो जुना होता. हा नवा राग त्याहून वाईट होता. त्यात रडू मिसळलेलं होतं, आणि ते बाहेर पडू द्यायला ती तयार नव्हती.

"तुमची नावं गेली तेव्हा मी हातावरचं पीठही धुतलं नाही," ती म्हणाली. "आणि माझं एक नाव वाचवायचं तर तुमच्या दातखिळ्या बसल्या?"

"पुरे!" बा हाचिलेका गरजले. "सही कर."

तिने पेन उचललं. टाइप केलेल्या मजकुरावर एक आडवी रेघ मारली आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'गुरुवारी ११.१८ वाजता मी बा हाचिलेकांच्या घरच्या मयतीत नशिमा घोटत होते. त्यांनी स्वतः माझे आभार मानले.' त्याखाली सही केली.

"ही घ्या सही. आता हा कागद असाच लुसाकाला जाईल, आणि बरोबर तुमच्या खोलीची नोंदही." मग तिने कागद बीना मूनोपुढे ठेवला. "बोलायची भीती वाटते ना? बोलू नका. लिहा."

बीना मूनोने कागद जवळ ओढला. तिने प्रशासकाकडे पाहिलं, मग पेनकडे. "चूल आम्ही दोघींनी पेटवली होती," ती पुटपुटली आणि तिने सही केली. कागद पुढे गेला. एकीने सही केली, दोघींनी न वाचताच पुढे ढकलला. टेबलाला वळसा घालून तो परत आला तेव्हा त्यावर न्चिमुन्याच्या सहीखाली चार सह्या होत्या.

न्चिमुन्याने त्या मोजल्या, कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि उठली. उरलेल्या सात जणी मान खाली घालून बसल्या होत्या.

"तुमचीही खाती चालू आहेत," ती त्यांना म्हणाली. "जा, कामाला लागा."