तळेवाडीचा राहिलेला रस्ता

‘माणसाच्या छातीत ध्येय असेल, तर पृथ्वीवरचा कोणताही रस्ता त्याला अडवू शकत नाही!’ आमच्या सत्कार समितीनं हे वाक्य भल्या मोठ्या फ्लेक्सवर छापून परतूरच्या रस्त्यावर आडवं बांधलं होतं. सकाळच्या वाऱ्यानं एक दोरी सुटली आणि ध्येय येणाऱ्या एसटीच्या काचेवर जाऊन बसलं. रस्ता दोन्ही बाजूंनी बंद.

ज्यांच्यासाठी हा फ्लेक्स होता, त्यांना तो दिसण्याची शक्यताच नव्हती. हसनाबादचे सर्जेराव आणि परतूरचे नागसेन, दोघेही माजी सैनिक. सरहद्दीवर सुरुंग निकामी करताना एकाच स्फोटात दोघांचेही डोळे गेले. त्या दिवशी घाई कोणी केली, यावर त्यांचं अजून भांडण चालू आहे. निवांत भांडता यावं म्हणूनच ते पायी निघाले असावेत, असा माझा संशय. जाहीर कारण मात्र वेगळं होतं. परतूरला अंध मुलींचं वसतिगृह भिंतींपर्यंत येऊन अडलं होतं. त्याच्या छपरासाठी हसनाबादहून परतूरपर्यंत चालायचं. जे गाव वर्गणी देईल, त्या गावच्या शिवारातला रस्ता हे दोघं पायी तुडवणार, असा शब्द त्यांनी दिला होता.

चालण्याची रीत साधी होती. पुढं नागसेनांची लेक सुमेधा, तिच्या पिशवीला बैलाच्या गळ्यातली घंटी. घंटीमागं नागसेन, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सर्जेराव. घंटी वाजतेय तिकडं रस्ता.

हे समितीला पाठ होतं. तरीही तळेवाडीच्या शिवेवर स्वागताला डीजे आला. अध्यक्ष रामकिसनशेठ, जुन्या जालन्यातले गुळाचे व्यापारी. ते म्हणाले, “वरातीला डीजे लागतो, मंग जवानाला नको?” हारसुद्धा त्यांनीच आणले होते, आदल्या दिवशीच घेऊन दुकानात जपून ठेवलेले.

दोघांच्या अंगावर शाली पडल्या, गळ्यात हार पडले, आणि डीजे सुरू झाला. रस्त्याकडेच्या बाभळी थरथरल्या. घंटी बुडाली. नागसेनांचा एक पाय नाल्याच्या वर अधांतरी.

“सर्जा, लढाई सुरू झाली का रे परत?”

“तू हलू नको! मागच्या वेळी हलला होतास!”

“मी न्हाई, तू!”

रामकिसनशेठनी दोघांना धरून जीपमध्ये घातलं. “या गर्दीपुरतं बसा फक्त. पुढं लगेच उतरवतो.” सुमेधा घंटीसकट गर्दीत मागं राहिली. मी जीपच्या मागच्या भागात सत्काराच्या नारळांवर बसलो. जीप निघाली ती निघालीच, कारण परतूरच्या वेशीवर मांडवात प्रमुख पाहुणे येऊन बसले होते.

थोड्या वेळानं सर्जेराव म्हणाले, “तळेवाडी आली का?”

ड्रायव्हर संपत भोळा माणूस. “ती गेली की मागं.”

“गेली म्हंजे? थांबव गाडी!”

“अहो सर्जेराव,” रामकिसनशेठ म्हणाले, “एवढासा तुकडा. कोण बघून राह्यलंय?”

“आम्ही तर बिलकुल न्हाई,” नागसेन म्हणाले. “पण तळेवाडीच्या बायांनी रोजातून वर्गणी दिली, ती आम्ही चालावं म्हणून. आम्हाला गाडीत बसायला कोणी का पैसे देईल, शेठ?”

“पाहुणे खोळंबलेत!”

“ते सावलीत हायेत,” सर्जेराव म्हणाले. “बाया उन्हात हायेत. वळव.”

संपतनं शेठकडं न बघता जीप वळवली.

तळेवाडीच्या फाट्यावर बाया खरंच पाण्याच्या कळशा घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या म्होरक्या नंदाबाई. जीप आधी इकडून तिकडं गेली, आता तिकडून इकडं आली, हे त्यांनी पाहिलं होतं.

“वा रे जवान!” त्या ओरडल्या. “आमचा रस्ता काय गाडीतूनच उरकला का?”

सर्जेरावांनी आवाजाच्या दिशेनं हात जोडले. “मावशी, चुकलं. शिवेपासून पुन्हा चालतो. पण ते वाजवणं आधी बंद करा, आम्हाला वाट ऐकू येत न्हाई.”

मावशी पदर खोचून आमच्यासोबत शिवेपर्यंत आल्या. डीजेवाल्याला म्हणाल्या, “तू बंद करतो का मी करू?” त्यानं केलं.

मग जे झालं, ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आपल्याकडं माणसं जमली आणि गप्प राहिली, असं मयतीलासुद्धा होत नाही. इथं ट्रकवाल्यांनी इंजिनं बंद केली. बायांनी हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडं सरकवून घट्ट धरल्या, किणकिण नको म्हणून. रामकिसनशेठच्या नव्या वहाणा करकरत होत्या. त्यांनी त्या काढून काखेत मारल्या आणि तापल्या डांबरावर अनवाणी चालू लागले. त्यांचं तोंड वेडंवाकडं होत होतं, पण आवाज नव्हता.

सुमेधा निघाली. घंटी वाजली. मागं दोघांचे बूट पडू लागले, इतके एकसारखे, की डोळे मिटले तर एकच माणूस चालतोय असं वाटावं. मी मिटून पाहिले. चार पावलांत घाबरून उघडले.

ती शांतता आमच्या पुढं पुढं परतूरपर्यंत गेली. वेशीवर पाहुणे भाषण करत होते; घंटी ऐकून मधेच थांबले. दोघं मांडवात येऊन उभे राहिले तेव्हा सगळी माणसं आपोआप उठली. टाळी कोणी वाजवली नाही. नंदाबाईंनी बांगड्या अजून धरलेल्याच होत्या.

पाहुणे सर्जेरावांजवळ आले. “सर्जेराव, छपराचं काम आजपासून माझं. आता स्वतःसाठी काहीतरी मागा. नाही म्हणणार नाही.”

माईक पुढं आला. सगळं परतूर कान देऊन उभं.

“साहेब,” सर्जेराव हळूच म्हणाले, “हे हार गुळाच्या दुकानातले हायेत. तळेवाडीपासून मुंग्या चावून राह्यल्या. जरा पाठ खाजवता का? डावीकडं... न्हाई, आणखी खाली.”