अंजिराखाली थांबणारा ट्रॅक्टर

आमचा गवत कापायचा म्हातारा ट्रॅक्टर अंजिराच्या झाडाखाली बंद पडायचा. दर वेळी तिथंच! चावी फिरवली की छान सुरू व्हायचा, गुणगुणत चालायचा आणि अंजिराशी आला की खोकून गप्प. घटकाभर बसू दिला की शहाण्यासारखा पुन्हा सुरू.

खरं सांगते, मला नवल वाटायचं नाही. माझा नवरा नेव्हिल तिथंच थांबायचा. टोपी काढून झाडाच्या मुळाशी टेकायचा. मी खिडकीतून ओरडायची, "झाला का आळशीपणा सुरू!" तो वारल्यापासून ट्रॅक्टर तिथं थांबला की वाटायचं, बसलाय मेला सावलीत. मग मीही बसायची. पेट्रोलचा वास, कापल्या गवताचा वास, वर मॅगपाय पक्ष्यांचं गाणं. डोळे मिटायचे आणि वेळ कुठं जायचा ते कळायचं नाही.

रोझलिनला, आमच्या लेकीला, फक्त वाढलेलं गवत दिसायचं. फोनवर म्हणाली, "आई, वणव्याचे दिवस तोंडावर आलेत. साप निघतात त्या गवतात. रविवारी येतेय मी. गवत तसंच असेल तर घर विकायचं आणि माझ्याकडे मेलबर्नला यायचं. गवत कापणं जमेनासं झालं की घर सोडीन, असं तूच म्हणाली होतीस."

म्हणाले होते खरी. जीभ जळो माझी!

शनिवारी शेजारच्या डेसला बोलावलं. त्यानं प्लग काढून पाहिला, ठिणगी झकास. फिल्टर नवा घातला, कार्ब्युरेटर धुतला. तरी अंजिराशी ट्रॅक्टर बंद! डेसनं डोकं खाजवत टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत गेली.

"मर्ल, हे एवढं कुणी आवळलंय?"

"मी. पेट्रोल सांडतं ना! नेव्हिल कायम ढिलं ठेवायचा, गबाळा कुठला."

"गबाळा कसला! झाकणाचं भोक बुजलंय गं. आत हवा गेली नाही तर इंजिनापर्यंत पेट्रोल पोचणार कसं? अंजिरापर्यंत येईतो इंजिन उपाशी पडतं, घटकाभरात थोडी हवा झिरपली की पुन्हा चालू. म्हणून ठेवत असेल ढिलं."

त्या झाकणावरून नेव्हिलला पुष्कळ बोलले होते मी. डेसनं तारेनं भोक मोकळं केलं आणि चहा पिऊन गेला.

रविवारी रोझलिन फाटकाशी हाताची घडी घालून उभी. मी गवत कापत निघाले. अंजीर आलं. ट्रॅक्टर खोकला नाही, अडला नाही, सरळ पुढं गेला. घर वाचलं माझं. आणि मला रडूच कोसळलं. थांबलाच नाही गं तो!

सगळं गवत कापून झालं, तेव्हा परत येऊन मी अंजिराखाली चावी फिरवली.

"बघ, पडला ना बंद?" रोझलिन धावत आली.

"नाही गं बाई. मीच थांबवलाय. ये, बस जरा."

ती मुळाशी टेकायला गेली.

"तिथं नको, या बाजूला ये," मी म्हटलं. "तिथं तुझा बाप बसतो."