शेवटची काट

अमेरिकेतल्या लाकोटा आदिवासींच्या राखीव भूमीवर मोठा गुन्हा घडला की राज्याच्या कोर्टाला त्याला हात लावता येत नाही. खटला आमच्याकडे, केंद्राच्या जिल्हा कोर्टात येतो. निकाल देणारी बारा नागरिकांची ज्यूरी मात्र निम्म्या राज्यातून आलेल्या लोकांतून निवडली जाते. त्या सोमवारी छत्तीस माणसं आली होती, त्यांत लाकोटा तीन. मी कोर्टाचा कारकून, यादी माझ्याकडे असते, म्हणून सांगतो.

आरोपी लायल ग्रे ओटर, वय बावीस. शेजाऱ्याचं गवताचं कोठार पेटवल्याचा आरोप. बारा जणांत आपलं एक तरी माणूस असावं, एवढाच त्याचा हट्ट. त्याची टाच सकाळपासून फरशीवर तडतडत होती.

पहिल्या लाकोटाला न्यायाधीशबाईंनी विचारलं, "आरोपी नात्यातला?"

"मेव्हणा लागतो."

घरी. दुसरी म्हणाली, "मामेभाऊ." तीही घरी. रक्ताचं नातं दोघांचंही नव्हतं. पण तिकडे नात्याशिवाय कुणी कुणाला हाकच मारत नाही.

तिसरी वर्ना टू लान्स, सत्तरीची.

"नात्यातला?"

"नाही."

लायलची टाच थांबली. तेवढ्यात वर्नाची काठी पडली आणि हा पठ्ठ्या सवयीनं बोलून गेला, "आजी, काठी!"

सरकारी वकील ताडकन उठला. "आजी म्हणाला!"

"मग काय म्हणणार?" वर्ना म्हणाली. "नुसतं वर्ना म्हणाला असता तर आत्ताच दोषी ठरवला असता मेल्याला."

न्यायाधीशबाईंनाही हसू आलं. "पुरावा ऐकूनच ठरवाल ना?"

"ऐकेन की. पण नातवंडं थापा मारायला लागली की मला लगेच कळतं, बाई."

वर्ना राहिली. मग काटाकाटी. कारण न देता सरकारला सहा नावं खोडता येतात, आरोपीला दहा. सरकारनं सहाही खोडली. वर्नाला हात लावला नाही. आरोपीची नऊ झाली.

लायलची वकीलबाई कुजबुजली, "झालं ना तुझ्या मनासारखं? आता दहावं नाव मागच्या रांगेतल्या त्या दाढीवाल्याचं खोडते."

लायल वर्नाकडे बघत होता, वर्ना चष्म्यावरून त्याच्याकडे. टाच पुन्हा सुरू.

"कोठाराचं मला तिच्यासमोर बोलावं लागेल?"

"मग काय भिंतीसमोर?"

त्यानं वकीलबाईच्या हातातली पेन्सिल ओढून घेतली.

कागद माझ्याकडे आला तेव्हा वर्नाच्या नावावर इतकी दाबून काट मारली होती की तिथे भोक पडलं होतं.

मी बारा नावं वाचली. वर्ना कोट चढवत माझ्या टेबलाशी आली.

"मला कुणी खोडलं? सरकारनं?"

"ते सांगता येत नाही."

तिनं वळून लायलकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता.

"अस्सं," ती म्हणाली. मग किल्ल्या शोधत तिनं विचारलं, गाड्यांजवळचा बर्फ कुणी उपसलाय का.