चौथ्या दिवसाचे रोडगे

लोहाऱ्याची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, बंद पडली आणि तिथं कामाला असलेला मारोती घरी बसला. कापसाचे भाव पार बसलेले, दुसरी कुठली जिनिंग माणसं घेईना. अशा दिवसांत विहिरीपलीकडे पाणी न पाहिलेला त्याचा मुलगा संघर्ष मालवाहू जहाजावर स्वयंपाक्याच्या हाताखाली लागला. नऊ महिन्यांनी तो घरी आला, तो आठ दिवसांपुरता. त्याच्या पगारावरच चूल पेटते हे त्याच्या आईला, सत्यभामाला, ठाऊक होतं. तरी पोर आता परत जाऊ नये, एवढंच तिला वाटत होतं.

बॅग उपसताना तिला चंदेरी कागदातलं बिस्किटांचं पाकीट सापडलं. तिनं एक मारोतीला चहासोबत दिलं. चहा संपला, बिस्कीट तसंच. त्यानं ते दाढेखाली धरलं आणि मग बराच वेळ दाढच चाचपत बसला.

सत्यभामा हार मानणारी नव्हती. गोवऱ्यांवर भाजलेला कणकेचा कडक रोडगा कसा खायचा हे वऱ्हाडात कोणाला शिकवावं लागत नाही. तिनं बिस्किटं खलबत्त्यात कुटली, वर गरम वरण ओतलं, तेलाची धार सोडली आणि ताट संघर्षपुढे ठेवलं.

"हे खाऊन नऊ महिने काढले तू? आता जायचं नाही."

संघर्षला हसू आलं. "माय, हे रोजचं नाही. जहाज बुडालं तं लहान बोटीत बसून खाचं असते हे. तारीख सरली म्हणून आमाले वाटून देलं."

पोरानं आईला आगीतून काढलं आणि फुफाट्यात टाकलं.

"किती दिवस पुरते?" तिनं विचारलं.

"तीन."

"अन् चवथ्या दिवशी?"

"तोवर कोणी येतेच."

"अन् नाही आलं तं?"

संघर्ष वरण कालवत राहिला. ते ताट त्यानं चाटूनपुसून संपवलं, आणि सत्यभामानं 'जाऊ नको' पुन्हा म्हटलं नाही. तो गेला नाही तर घरानं खायचं काय? पण भीती काही गेली नाही.

जायच्या दोन दिवस आधी तिनं अंगणात गोवऱ्या पेटवल्या. रोडगे काळपट होईस्तोवर भाजले, उन्हात वाळवले, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधले. यष्टीत चढताना गाठोडं त्याच्या हातात दिलं.

"माय, तिथं जेवाले भरपूर असते."

"असू दे. हे रोजचे नाहीत," ती म्हणाली. "चवथ्या दिवसाचे हायेत."