बळीरामांचं ताट

मितेश आणि मनिषाच्या विचुंब्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये आठवडाभर कुबट वास येत होता. शेवटी मनिषाने सासऱ्यांच्या खोलीतला पलंग ओढला आणि तोंडावर ओढणी दाबून मागे सरकली. भिंतीलगत बुरशी आलेल्या चपात्या, आंबलेला भात, त्यातून पळणारी झुरळं!

"बाबा, ही काय घाण? आम्ही एवढं करतो आणि तुम्ही अन्न फेकता?"

बळीराम मान खाली घालून बसले. एकेकाळी मिठागरात राबलेला हा माणूस वर्षभरात काडीसारखा झाला होता. तपासण्यांमध्ये मात्र काही निघत नव्हतं.

दुपारी गव्हाण गावाहून त्यांची थोरली बहीण चंद्रावती आली. ऐंशी उलटलेली, पण ताठ. मनिषाने तिच्यापुढे सगळं गाऱ्हाणं मांडलं.

"हा जेवतो कुठं?" चंद्रावतीने विचारलं.

"इथंच, खोलीत. हात थरथरतो, सांडतं, कवळी वाजते. मितेशला किळस येते, आत्या."

"मितेश तान्हा असताना त्याची आई तापानं पडली व्हती, तवा मितेशचं हागमूत यानंच काढलंय. याला नाय आली किळस."

"पण औषधं, पथ्य सगळं वेळेवर देतो आम्ही."

"देता गो. पण माणूस निस्त्या औषधावर जगत नाय. मी अजून अंगण झाडते, बायांसंगं सुकट निवडते, भांडते, हसते. एक दिवस नाय दिसले तर शेजारीण हाक मारते. याला कोण हाक मारतंय?"

मनिषा स्वयंपाकघरातून भात-आमटी घेऊन आली.

आत्याने जमिनीवरच ताट मांडलं, भावाला समोर बसवलं. भात सांडत होता, आमटी हनुवटीवर ओघळत होती. ती पदराने पुसत होती. बळीरामांनी पुन्हा भात मागितला.

तेवढ्यात मितेश दारात आला. त्याला पाहताच म्हाताऱ्याने हातातला घास ताटात टाकला आणि अंग चोरलं.

बाप आपल्याला घाबरतो! मितेशला स्वतःचीच शिसारी आली. तो हात धुऊन आला, बापाशेजारी बसला. म्हणाला, "बाबा, जेवा ना. मीही जेवतो."

त्या दिवसापासून बळीराम सगळ्यांसोबत जेवतात. संध्याकाळी मितेश त्यांना खाली घेऊन जातो. तिथे समवयस्कांशी गप्पा रंगतात. हात अजून थरथरतो, पण अंगावर मांस चढू लागलंय.

मंडळी, औषध, आहार, तपासण्या हव्यातच. पण आपण घरात कुणाला नकोसे झालोय, हे रोज तीन वेळा ताटातून कळत असेल, तर ते अन्न अंगी कसं लागणार? म्हाताऱ्यांच्या सांडण्याची किळस करू नका. ज्या मनाला ती येते, ते मन आधी स्वच्छ करा.