जाऊ दे, वाढू दे

"जाऊ दे गं. वाढू दे."

तो आवाज सिग्नेच्या कानात अजून तसाच आहे, गरम श्वासासकट. बारा वर्षांची होती ती. ओकच्या झाडावरच्या मचाणात बापाला बिलगून, अंग चोरून बसलेली. गाल बंदुकीच्या लाकडाला लावलेला, बोट चापावर. खाली गळलेल्या पानांत हरणाचा एक नर उभा होता. डोक्यावर बोटभर शिंगं, ओठांवरचं दूध अजून न वाळलेलं. बापाने, आर्विडने, बंदुकीला हात लावला नाही, तिच्या हातालाही नाही. फक्त कानाशी बोलला. नर मान वळवून गेला, शेपटीचा पांढरा झुबका उडवत गेला. हातचं गेलं म्हणून ती मुसमुसायला लागली, तेव्हा तो म्हणाला, "गेला कुठे? आपल्याच रानात गेला. शहाणा होऊन येईल. मग बघू, तो शहाणा की आपण."

ट्वेटन घराण्याच्या दरीत तेव्हापासून हाच कायदा. नोव्हेंबर आला की आजूबाजूचे लोक केशरी जाकिटं चढवून निघत आणि पहिलं जे हलेल त्याला उडवत. आर्विड कोवळ्याला सोडी, पोरसवद्याला सोडी, शिंगांनी मोठा पण पाठीने सरळ असेल त्यालाही सोडी. "शिंगं काय बघता," म्हणे, "शिंगं म्हणजे दागिना. पाठ बघा. पाठ झोळीसारखी ओघळली, मान छातीत बुडाली, की समजा गडी पोक्त झाला." शेजारी चिडवत, "आर्विड हरणं मारत नाही, वाढवतो. उद्या शाळेत घालेल."

आता तोच आर्विड स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्चीत बसलेला असतो. नाकात नळी, कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत. ज्याने जन्मभर रानातला वारा वाचला, त्याच्या वाट्याला आता वारा येतो तो नळीतून, बेताबेताने. दारापासून गोठ्यापर्यंत गेला तरी ओठ निळे पडतात. आई गेल्यावर सिग्ने शहरातली नोकरी सोडून परत आली ती त्याच्याचसाठी. हा हिवाळा जड जाईल, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्यालाही ते कळलं असावं. पण त्याच्या तोंडी एकच नाव होतं, पाद्री.

पाद्री म्हणजे डोंगराच्या वरच्या धारेवरचा थोराड नर. गळ्यावरचा पांढरा पट्टा एवढा रुंद, की कॉलर लावून चर्चला निघाल्यासारखा दिसे. तो पाडस होता तेव्हा आर्विडने ओढ्याच्या टोकाशी खनिज मिठाचा ठोकळा ठेवला होता. चाटून शिंगं जोमाने वाढावीत म्हणून. मग डोंगरापलीकडून झिजणी आली. हरणांचा मेंदू पोखरणारा रोग, औषध नसलेला. लाळेतून पसरतो म्हणाले, मिठाच्या ठोकळ्यांवर बंदी आली. आर्विडने त्याच दिवशी ठोकळा उचलला. पण माती खारट झालेली. हरणं माती चाटत राहिली. चाटून चाटून पडलेला खड्डा त्याने दगडांनी भरला, हरणांनी बाजूने उकरला. बंदी माणसांना कळते, हरणांना कोण सांगणार?

तरी पाद्री वाढत होता. सिग्नेने तीन पानगळींत त्याला तीनदा बंदुकीच्या टप्प्यातून जाऊ दिलं होतं, बापाच्या शब्दाखातर. यंदा बापच म्हणाला, "यंदा पाद्र्याला आण."

"तूच म्हणायचास ना, जाऊ दे?"

"वाढला की आता. किती वाढवायचा? आण." हे बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता, खिडकीबाहेर बघत होता.

मग जेवणाच्या टेबलाचं रान झालं. कॉफीचा कप म्हणजे वरची टेकडी. चमचा म्हणजे ओढा. टेबलावरच्या कापडाची चुणी म्हणजे डोंगराची धार, आणि मिरपुडीची डबी म्हणजे पाद्री. मिठाची डबी आर्विडने उचलून खिडकीत ठेवून दिली. या रानात तिचं काम नव्हतं.

"पोक्त नर वाटेवरून येत नाही, वाटेच्या बाजूने येतो," तो सांगे, थांबे, नळीतून दम घेई. "माद्या मक्यातून पुढे येतील. त्यांना भुलू नकोस. हा मागे असणार, दाट झाडीत. फेरी घालून वाऱ्याखालून येणार. आधी नाकाने रान बघेल, मग डोळ्यांनी. म्हणून तू खिंडीत बसायचं नाही, खिंडीच्या वरच्या अंगाला बसायचं. ऊन चढलं की वारा ओढ्यातून वर चढतो. तुझा वास वरच्या वर निघून जाईल आणि तो खालून येईल. जाताना ओढ्याच्या पाण्यातून जा, पावलांचा वास राहत नाही. आणि रोज जाऊ नकोस. मचाण शिळं होतं."

"आणि अंघोळ?"

"बिनवासाच्या साबणाने. कपडे रात्रभर बाहेर, पाइनच्या फांद्यांत."

"बाबा, माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा मी एवढी तयारी केली नव्हती."

"म्हणून तर टिकलं नाही." आर्विड हसला. हसता हसता खोकला, आणि खोकता खोकता पुन्हा हसला.

ज्या सकाळी ती गेली, त्या सकाळी गवत गोठलेल्या दहिवराने कडकडीत झालं होतं. ओढ्याच्या पाण्यातून ती अंधारात वर गेली, मचाणात बसली, उजाडताना रान एकेका फांदीने दिसायला लागलं. ऊन चढलं. आणि वारा फिरला. ओढ्यातून वर येण्याऐवजी तो तिच्या पाठीवरून खाली उतरायला लागला, तिचा सगळा वास घेऊन, खिंडीच्या तोंडात. झालं, तिने मनात म्हटलं, दिवस गेला. ती उतरायच्या बेतात होती.

तेव्हा पाद्री आला.

दाट झाडीतून नाही. मोकळ्या वाटेवरून, भर उजेडात, मधोमध आला. अंगावर ओझं असल्यासारखा, पुढचे पाय फाकवत, कान पाडून. तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि उन्हात चमकत होती. बरगड्या कातड्यावर उमटल्या होत्या. वारा तिच्या अंगावरून थेट त्याच्या नाकावर जात होता. ज्या नराने तीन वर्षं तिची नुसती चाहूल लागली तरी रान बदललं होतं, तो तिच्या वासात येऊन उभा राहिला. मचाणाच्या खाली. त्याने मान वर केली. दिवा तसाच ठेवून माणसं निघून गेलेल्या घरासारखे डोळे होते.

जाऊ दे गं, कानाशी आवाज आला. सवयीने आला.

कुठे जाऊ देणार होती? पुढे हिवाळा होता, कोल्हे होते, तो खड्डा होता. तिने बंदूक उचलली, तेव्हाही तो उभाच होता.

मागच्या वाटेने तिने त्याला ट्रॅक्टरवरून शेडमध्ये आणलं, एकटीनेच सोलून टांगलं. शिंगं कापून घेतली, डोकं चौकातल्या झिजणीच्या तपासणीच्या पेटीत ठेवून चिठ्ठी बांधून आली. मग शिंगं धुऊन बापाच्या मांडीवर ठेवली.

आर्विडने शिंगांवरून बोटं फिरवली. मग मिरपुडीची डबी तिच्यापुढे सरकवली.

"कसा आला? दाखव."

सिग्नेने त्याच्याकडे पाहिलं. खुर्चीत पुढे सरकून बसला होता, लहान मुलासारखा. तिने डबी उचलली आणि त्याने शिकवलेल्या वाटेने नेली. चुणीच्या मागून, चमच्याच्या कडेने.

"झाडीतून?"

"झाडीतून."

"थांबला कुठे?"

"कितीदा तरी थांबला. नाक वर करून."

"फेरी घातली?"

"घातली तर! मला वाटलं, सापडतेय मी आता. पण वास वरून गेला."

आर्विडने श्वास सोडला. पानगळ लागल्यापासून धरून ठेवलेला असावा, असा सोडला. "मग बरोबर," म्हणाला. "मग सगळं बरोबर आहे." गालांवर कित्येक दिवसांनी रंग आला. दुपारी सूप पिताना त्याने पुन्हा विचारलं, "नाक वर केलं होतं ना?" चार वाजता कॉफीबरोबर पुन्हा. ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली, आणि दर खेपेला पाद्री अधिक शहाणा होत गेला.

तिन्हीसांजेला ओर्लिन आला. आर्विडचा धाकटा भाऊ, शेजारच्या शेतावर एकटाच राहणारा. एका हातात बिडाचा तवा, जाकिटाचे खिसे कांद्यांनी फुगलेले.

"कुठाय तो पाद्री? रविवारी चर्चला गेलो नाही, म्हटलं आज भेटून येऊ!"

ट्वेटनांच्यात रीतच आहे ती. शिकारीच्या संध्याकाळी पाठीच्या कण्याखालची कोवळी पट्टी लोणी-कांद्यावर परतायची, बटाट्याच्या पातळ पोळीत गुंडाळायची, आणि पहिला घास घरातल्या थोरल्याने घ्यायचा.

"काका, मांस आजच टांगलंय," सिग्ने म्हणाली. "मुरू दे."

"कोवळी पट्टी कधी मुरवतात होय? शहरात शिकलीस हे?"

"निकाल तरी येऊ दे. डोकं पेटीत ठेवून आलेय."

"निकाल! मी जन्मभर निकालाशिवाय खातोय. बघ, काय झालंय मला?"

"तेच तर बघतेय," ती म्हणाली. हसायचा प्रयत्न केला.

ओर्लिन मात्र खळखळून हसला आणि सुरी घेऊन शेडकडे गेलासुद्धा. ती दारात उभी राहिली, पुढे नाही, मागे नाही. खाऊ नका म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. का ते सांगावं, तर तो कसा आला ते सांगावं लागणार, आणि दुपारभराचा तो गालांवरचा रंग आपल्याच हाताने पुसावा लागणार. न सांगावं, तर पहिला घास बाबाचा. माणसाला हा रोग होतो असं अजून कुणी म्हटलेलं नाही. होत नाही, असंही कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. आजारी दिसलेलं खाऊ नका, एवढंच सांगतात.

ओर्लिन पट्टी नाचवत परत आला. "अगं, हे मांस आहे की माझा कमरेचा पट्टा?"

"माजावर होता ना," ती घाईने म्हणाली. "माद्यांमागे धावून धावून, महिनाभर खाल्लं नसेल."

"खरंय. लग्नाआधी मीही असाच सुकलो होतो. लग्नानंतर निराळ्या कारणाने." त्याने तवा शेगडीवर ठेवला. लोणी फुललं, कांदा पडला, घरभर वास झाला. आईच्या वेळी व्हायचा तसाच.

सिग्नेने तवा ओढून बाजूला केला. "काका, नको."

"आता काय?"

"नको म्हणते ना."

"अगं, पण का? भाऊ वाट बघतोय तिथे!"

ती तवा आणि शेगडीच्या मधे उभी राहिली.

"ओर्लिन," खुर्चीतून आवाज आला. "ती पट्टी इकडे आण."

ओर्लिनने आणली. आर्विडने ती कच्चीच तळहातावर घेतली. भिजल्या दोरीसारखी पडून राहिली ती तिथे. त्याने अंगठ्याने दाबून पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मशीन घुरघुरत होतं. गालावरचा रंग कधी गेला ते कुणालाच कळलं नाही.

"सिग्ने," तो म्हणाला, "वारा कुठून होता?"

टेबलावर सकाळचं रान तसंच मांडलेलं होतं. टेकडी, ओढा, धार. तिने खोट्या वाटेने नेऊन ठेवलेली मिरपुडीची डबी तिथेच होती.

"पाठीमागून," ती म्हणाली. "माझ्या पाठीवरून, थेट त्याच्या तोंडावर. वाटेवरून आला, बाबा. मधोमध. माझ्या खाली येऊन उभा राहिला."

ओर्लिनने शेगडी बंद केली.

आर्विडने मान हलवली. मग पट्टी बशीत ठेवली, हात पुसला आणि म्हणाला, "मीठ दे."

"अरे, आता मीठ कशाला?" ओर्लिन म्हणाला.

सिग्नेने खिडकीतली डबी काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती चमच्याच्या टोकाशी नेली, धारेच्या पायथ्याला, आणि नेमकी खड्ड्याच्या जागी ठेवली.

"मका पिवळा पडत होता तेव्हाच बघितला मी त्याला," तो म्हणाला. "मला ट्रॅक्टरवर बसवत होतं तोवरची गोष्ट. या इथे, गुडघे टेकून माती चाटत होता. ठोकळा मीच ठेवला होता ना. मी अगदी जवळ गेलो, तरी उठला नाही." तो थांबला, नळीतून दम घेतला. "कुणाला बोललो नाही. म्हटलं, आपल्याच छातीत हवा नाही, डोळ्यांचा काय भरवसा. म्हणून तुला पाठवलं. शहाण्यासारखा फेरी घालून आला असता, तर मी चुकलो असतो."

त्याने मिरपुडीची डबी उचलली आणि मिठाच्या शेजारी आणून ठेवली.

"दुपारभर मी चुकलो होतो, पोरी. फार बरं वाटत होतं."