सुनेने मागितलेली माफी

बाबाराव दुधवाल्याचंही आधार कार्ड पाहून घेत. भांडीवाली, गॅसवाला, कुणीच सुटलं नाही. जन्म बँकेत गेलेला, संशय अंगात मुरलेला. फक्त समोरचा मराठी बोलला की तो संशय कुठे पळायचा, देव जाणे. जबलपुरात भेटलेल्या आपल्या माणसाला त्यांच्याकडे सात खून माफ होते.

आणि भय्यासाहेब ठेकेदार आपला माणूस होता. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत खड्या आवाजात आरती म्हणणारा. मागचा व्हरांडा पाडून तिथे खोली बांधायचं काम बाबारावांनी त्याला तोंडीच कबूल करून टाकलं. यंदा महालक्ष्म्या नव्या खोलीतच बसतील, हेही चारचौघांत सांगून झालं.

सून गीतांजली कॉलेजात शिकवायची. तिला काही हे पटेना. एके दिवशी ती कॉलेजातून परस्पर नगर निगमच्या कचेरीत गेली. भय्यासाहेबाचं लायसन रद्द झालेलं होतं, कामं तो मेहुण्याच्या नावावर घेत होता. रद्द कशापायी झालं ते विचारत ती गावातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात शकुबाईंच्या दारात पोचली. शकुबाईंनी भय्यासाहेबाने बांधलेल्या, पडलेल्या पोर्चचे नुसते खांब दाखवले.

"छत कच्चंच होतं, तरी खालच्या टेकूच्या बल्ल्या काढल्या त्यानं. दुसऱ्या कामावर लावायच्या होत्या न," त्या म्हणाल्या. "आमचे हे तेव्हापासून पलंगावर आहेत. आम्हीही आपला माणूस म्हणूनच दिलं होतं काम."

जेवताना गीतांजलीने सगळं सांगितलं. बाबारावांनी ताट सरकवलं.

"काहून गेली होती तू तिथं? आपल्या माणसाची चौकशी करून राहिली? हातच्या काकणाला आरसा पाहिजे तुले?"

तिचा नवरा सचिन वरणात भात कालवत राहिला. बोलायची वेळ आली की त्याला नेहमीच भूक लागायची.

गोष्ट भय्यासाहेबाच्या कानावर गेली आणि तो रुसला. यंदा आरती म्हणणार नाही म्हणाला. बाबारावांचं नाक कापलं गेलं. सुनेने मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर माफी मागायची, असा हुकूम निघाला. ती साफ नाही म्हणाली. बाबारावांनी अन्न सोडलं.

तेव्हा सासू, भानुमतीबाई, स्वयंपाकघरात तिच्याजवळ येऊन बसल्या. गीतांजली जेवली का, हे त्या घरात तेवढ्याच विचारायच्या.

"मागून टाक बाई माफी," त्या हळूच म्हणाल्या. "मले पटते तुझं. पण ह्यांचा हट्ट तुले माहीत आहे. शब्दानं काय होते?"

त्यांच्यासाठी म्हणून ती गेली. "माझी चूक झाली. भय्यासाहेबांचे कागद मी पाहिले, ते बरोबर आहेत." दुसरं वाक्य बाबारावांनी घरून पाठ करून घेतलं होतं. भय्यासाहेबाने मोठ्या मनाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला किळस आली.

पोळ्याला स्लॅब टाकला. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी भय्यासाहेबाची माणसं बल्ल्या काढायला आली. गीतांजली दारात आडवी उभी राहिली.

"छत कच्चं आहे अजून. शकुबाईंकडे हेच झालं होतं."

बाबाराव आवाज न चढवता म्हणाले, "पुन्हा माफी मागायची हौस आहे काय?"

सचिनने तिला दंड धरून आत नेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. बल्ल्या निघाल्या. तिने सासूचा पदर धरला. "आई, तुम्ही तरी नका जाऊ तिथं."

"मखर कोण बांधन मग?" भानुमतीबाईंनी पदर सोडवला. "तू बस इथं. तुझा राग उतरला नाही अजून."

मखर अर्धं बांधून झालं होतं तेव्हा छत खाली आलं. भानुमतीबाईंना काढायला शेजारपाजारचे सगळे धावले, आणि काढलं तेव्हा त्यांच्यात काही उरलेलं नव्हतं.

पोलीस आले. इन्स्पेक्टरने अंगणातच विचारलं, "ठेकेदार के कागज किसने देखे थे?"

"बहूजी ने," भय्यासाहेब हात जोडून म्हणाला. "निगम में खुद गई थीं. पूरे मंडल के सामने बोलीं कि कागज बराबर हैं."

गीतांजलीने सासऱ्याकडे पाहिलं. रडून रडून बाबारावांचे डोळे सुजले होते. बायको गेली होती आणि आता अब्रूही जायची होती. बायको तर काही परत येणार नव्हती.

"हाँ जी," ते म्हणाले. "हमने तो इसी के भरोसे काम दिया."

इन्स्पेक्टर सचिनकडे वळला. सचिनने आईवर टाकलेल्या चादरीकडे पाहत होकाराची मान हलवली.

शकुबाईंचं नाव गीतांजलीच्या ओठांवर आलं. तिने भोवती पाहिलं. अंगणात अख्खं मंडळ उभं होतं, आणि एकेक जण मान डोलावत होता. कुणी खोटं बोलत नव्हतं. ते वाक्य त्यांनी तिच्याच तोंडून ऐकलं होतं.